गाडीच्या काचेवरचे पाणी गोठते तेव्हा

रोहण्यात बसून गाडीच्या काचेवरचे पाणी गोठण्याची गोष्ट सांगायची म्हटले, तर मंडळी हसतील हे मला ठाऊक आहे. "अहो, आमच्याकडे पाणी आटते, गोठते कुठे?" असे कुणीही म्हणेल. म्हणणे खोटे नाही. मे महिन्यात आपल्याकडचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास घुटमळतो, आणि हिवाळ्यात कितीही हिव पडले तरी तो शून्याला जाऊन भिडत नाही. नागपूरच्या वेधशाळेत २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअस नोंदले गेले, तेव्हा त्या थंडीची चर्चा किती दिवस चालली होती ते तुम्हांला आठवत असेल. पण तेव्हाही घागरीतले पाणी पाणीच राहिले होते.

मात्र माणसे आणि गाड्या गावात बसून राहत नाहीत. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत आंबिया बहाराची संत्री नेमकी हिवाळ्याच्या तोंडावर तोडणीला येतात आणि ट्रक भरून उत्तरेकडे निघतात. आपल्या जिल्ह्यात जाम आणि हिंगणघाटवरून जो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ जातो, तोच पुढे नागपूर, सागर, झाशी, आग्रा, दिल्ली, जम्मू करीत श्रीनगरला पोचतो. तिथे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा कडक हिवाळा सुरू होतो. काश्मिरी लोक त्याला 'चिल्लई कलान' म्हणतात. २१ डिसेंबर २०२४ रोजी श्रीनगरचे किमान तापमान शून्याखाली ८.५ अंशांपर्यंत उतरले होते. म्हणजे आपल्या डांबरी रस्त्याचेच दुसरे टोक बर्फात आहे. शिवाय गावोगावची मुले सैन्यात आहेत, त्यांच्या वाट्याला लडाखचा हिवाळा येतो. काही मुले शिक्षणाला, नोकरीला कॅनडा-जर्मनीसारख्या देशांत जातात आणि पहिल्याच हिवाळ्यात तिथे गाडी चालवू लागतात. तेव्हा हा विषय आपला नाही, असे म्हणून चालणार नाही.

आधी गाडीतली ही सोय कशी असते ते पाहू. बॉनेटखाली प्लॅस्टिकची एक लहान टाकी असते. ट्रकमध्ये ती निराळ्या जागीही असू शकते. तिला एक छोटा विजेचा पंप जोडलेला असतो. तिथून बारीक रबरी नळी निघते आणि समोरच्या काचेच्या खाली दोन-चार बारीक भोकांपाशी जाऊन पोचते. ड्रायव्हरने दांडी ओढली की भोकांतून पाण्याचा फवारा काचेवर उडतो आणि वायपर ती काच पुसून काढतात. काच पुसण्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या बाईने १९०३ साली घेतले. हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या ट्रामचा चालक बर्फामुळे समोरचे दिसेना म्हणून अडचणीत सापडलेला तिने पाहिला आणि त्यावरून तिला ही युक्ती सुचली, असे सांगतात. म्हणजे या यंत्राचे मूळच मुळी बर्फात आहे.

आपल्याकडे त्या टाकीत काय भरतात? विहिरीचे नाही तर नळाचे पाणी, आणि हौस असेल तर त्यात शाम्पूची एक पुडी. आपल्या उन्हाळ्याला, धुळीला आणि पावसाळ्यातल्या चिखलाला तेवढे पुरते. पण तीच टाकी तशीच घेऊन गाडी थंड मुलखात शिरली, की एका पहाटे दांडी ओढावी तर आतून नुसता घूंऽऽ असा आवाज येतो आणि फवारा काही उडत नाही. पाणी गोठलेले असते. दांडी तशीच ओढून धरली, तर पंपाचा फ्यूज उडतो किंवा मोटर जळते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर ती तडकतेसुद्धा. कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि त्या फुगण्यापुढे प्लॅस्टिकचाच काय, लोखंडाचाही निभाव लागत नाही.

कुणी म्हणेल, फवारा नाही उडाला तर एवढे काय बिघडले? उतरून फडक्याने काच पुसावी. उभ्या गाडीला ते ठीक आहे. पण थंड मुलखात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. मग रस्त्यावर खारट, काळपट चिखल होतो. पुढची गाडी तो उडवते आणि तो तुमच्या काचेवर बसतो. वायपर फिरवला तर तो पुसला न जाता काचभर सारवला जातो. त्यातच हिवाळ्यातला सूर्य क्षितिजालगत असतो. त्याचे तिरपे ऊन त्या सारवलेल्या काचेवर पडले की समोर पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही. आता हिशेब करून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे साडेसोळा मीटर जाते. पाच सेकंद दिसले नाही, तर ती ८० मीटरांहून अधिक अंतर आंधळेपणाने तोडते. तेवढ्या अंतरात एखादी शाळकरी पोरांची रांग असू शकते, उभा ट्रक असू शकतो. तेव्हा टाकीतले ते दोन-चार लिटर पाणी म्हणजे गाडीची दृष्टी आहे, असे समजा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाणी गोठते म्हणजे काय होते, आणि न गोठणारे पाणी करता येते का?

पाण्याचे कण नेहमी इकडून तिकडे धावत असतात. थंडी वाढली की त्यांची धावपळ मंदावते, आणि शून्य अंशाला ते एकमेकांचे हात धरून ठरावीक रांगांत उभे राहू लागतात. शाळेत घंटा झाल्यावर पोरे प्रार्थनेला रांगेत उभी राहतात, तसेच हे. या रांगा म्हणजेच बर्फ. आता त्या मैदानात दुसऱ्याच गावची चार पोरे सोडून द्या, ज्यांना तुमची रांग ठाऊक नाही. ती मध्ये मध्ये फिरत राहिली तर रांग लागायला वेळ लागेल, गुरुजींना आवाज चढवावा लागेल. पाण्यात दुसरा पदार्थ विरघळला की असेच होते. त्याचे कण बर्फाच्या रांगेत बसत नाहीत, म्हणून रांग लागण्यासाठी थंडीला आणखी जोर करावा लागतो. पाणी शून्याच्या खाली जाऊन गोठते ते याच कारणाने.

किती खाली जाते, याचाही नियम आहे. एकोणिसाव्या शतकात राउल्ट नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यावर पुष्कळ प्रयोग केले. त्यातून निघालेली महत्त्वाची गोष्ट अशी, की साध्या द्रावणांत पदार्थ कोणता याला फारसे महत्त्व नाही, त्याचे कण किती आहेत याला आहे. एक लिटर पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळली तर गोठणबिंदू जेमतेम १.८६ अंश खाली जातो, कारण साखरेचा कण जड आहे, तेवढ्या वजनात त्यांची संख्या थोडी भरते. तेवढाच परिणाम मिथेनॉल नावाच्या हलक्या कणांच्या मद्यार्काचे अवघे ३२ ग्रॅम घालून मिळतो. मिठाचे तर ५८.५ ग्रॅम पुरे होतात आणि परिणाम जवळजवळ दुप्पट मिळतो, कारण पाण्यात मिठाच्या प्रत्येक जोडीचे दोन स्वतंत्र कण होतात. शाम्पूच्या पुडीचे काय? पाच लिटर पाण्यात चमचाभर शाम्पू म्हणजे कणांच्या हिशेबात काहीच नाही. त्याने मळ निघतो, गोठणे थांबत नाही. साबणाचे पाणी म्हणजे हिवाळ्याचे पाणी, ही समजूत आधी डोक्यातून काढून टाकली पाहिजे.

मग मीठच का घालू नये? स्वस्त आहे, घरात आहे. पण मिठाचे पाणी लोखंड खाते, वाळले की काचेवर पांढरे डाग ठेवते, आणि बारीक भोकांत त्याचे खडे बसून भोके बुजतात. साखर चिकट आहे, तिचा विचारच नको. रेडिएटरमध्ये घालायचे कूलंट हा आणखी एक मोह असतो. ते गोठत नाही हे खरे, पण ते तेलकट आहे. काचेवर त्याचा ओशट थर पसरतो आणि रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. म्हणून काचेसाठी असा पदार्थ हवा, की जो पाण्यात पूर्ण मिसळेल, थोडक्यात पुष्कळ कण देईल आणि काचेवरून उडून जाईल, मागे काही ठेवणार नाही. हे गुण मद्यार्कांत आहेत. म्हणून थंड देशांत विकले जाणारे काच धुण्याचे हिवाळी पाणी मद्यार्क घालून केलेले असते, आणि त्याच्या डब्यावर 'उणे २०', 'उणे ४०' असे अंश छापलेले असतात.

इथे एक सूचना. आपल्या बाजारात या टाकीसाठी ज्या पुड्या आणि गोळ्या मिळतात, त्या बहुतेक नुसता मळ काढण्यासाठी असतात. डब्यावर शून्याखालचा आकडा छापलेला नसेल, तर ते हिवाळ्याचे पाणी नव्हे असेच धरून चाला. दुसरे असे, की आकडा छापलेल्या पाण्यात आपले साधे पाणी घालून ते वाढवू नका. डब्यावर तसे मिसळायला सांगितले असेल, तरच आणि तेवढेच मिसळा. दूध वाढवायला पाणी घातले तर दूध पातळ होते, हे पाणी वाढवले तर त्याचे अंश पातळ होतात. उणे २० चे पाणी निम्मे केले, की ते उणे दहाच्या आसपासच गोठू लागते. टाकीत उन्हाळ्याचे पाणी शिल्लक असताना वरून हिवाळ्याचे ओतले, तरी तोच परिणाम होतो. म्हणून थंड मुलखात शिरण्यापूर्वी जुने पाणी फवारून संपवावे, नवे भरावे आणि फवारा दोन-चारदा उडवावा, म्हणजे नळीतले आणि भोकांतले साधे पाणीही निघून जाईल. ही शेवटची गोष्ट पुष्कळ जण विसरतात. गोठण्याची सुरुवात टाकीत होत नाही, बारीक नळीत आणि भोकांत होते, कारण तिथे पाणी थेंबभर असते आणि वारा थेट लागतो.

आता एक कोडे पाहा. हवेचे तापमान शून्यावर दोन-तीन अंश असले, तरी सकाळी गाडीच्या काचेवर आणि टपावर बर्फाची पातळ साय दिसते. हे आपल्या महाराष्ट्रातच घडते. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात हिवाळ्यातल्या काही पहाटे दवबिंदू गोठतात. गाड्यांचे टप, झाडांची पाने, स्ट्रॉबेरीची शेते पांढरी होतात, आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. हवा शून्याच्या वर आणि काच शून्याच्या खाली, हे कसे?

त्याचे उत्तर शेतकऱ्याला अर्धे ठाऊकच आहे. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की त्या रात्री हिव जास्त, हे कुणी सांगावे लागत नाही. प्रत्येक वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपाने सतत बाहेर टाकीत असते. ढग असले तर ते त्यातली पुष्कळशी परत पाठवतात, गोधडीसारखे काम करतात. आभाळ मोकळे असले तर ती वर निघून जाते. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चार-पाच फूट उंचीवर, छपराच्या जाळीदार पेटीत असतो, त्यामुळे तो सावलीतल्या हवेचे तापमान सांगतो. गाडीची काच मात्र उघड्या आभाळाखाली तोंड वर करून पडलेली असते. ती हवेपेक्षा काही अंश अधिक थंड होते, आणि तिच्यावर जमलेले दव गोठते. म्हणूनच रात्री गाडी झाडाखाली किंवा छपराखाली लावली तर काच कोरडी राहते. छप्पर नसेल तर काचेवर पुठ्ठा किंवा पोते टाकावे. सकाळी ते उचलले की बर्फही त्याच्याबरोबर निघतो. गाडीचे तोंड पूर्वेला ठेवले तर सकाळचे पहिले ऊन काचेवर येते, हाही फुकटचा फायदा.

एवढे करूनही टाकी गोठलीच, तर काय करावे? घाई करू नये. एक ग्रॅम बर्फ शून्य अंशावरच नुसता वितळवायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापले असते. म्हणून गोठलेली टाकी पाच मिनिटांत मोकळी होत नाही. हाच गुण उलट बाजूने तुमच्या कामी येतो. कडक थंडीत हरभऱ्याला, भाजीपाल्याला रात्री हलके ओलीत द्यावे, असे कृषी विद्यापीठाचे लोक सांगतात. ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठवते आणि रात्री सावकाश सोडते. थंडी फारच वाढून पाणी गोठू लागले, तर गोठतानाही ते तेवढीच उष्णता बाहेर टाकते. पिकाला पाण्याचा असा आधार मिळतो. टाकीच्या बाबतीत मात्र तोच गुण आपला वेळ खातो.

इंजिन सुरू करून ठेवले, की बॉनेटखालची उष्णता हळूहळू टाकीपर्यंत पोचते. पण हे उघड्यावर करावे. बंद छपरीत किंवा गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवले तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू जमतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतच जातो. टाकीत जागा असेल तर थोडे कोमट हिवाळी पाणी ओतावे. भोकांवर कोमट पाण्यात पिळलेले फडके धरावे. काचेवरचा बर्फ प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा, लोखंडी पात्याने नव्हे. वायपर काचेला चिकटलेले असतील तर ते आधी हाताने मोकळे करावेत, तोवर त्यांचे बटण दाबू नये.

आणि उकळते पाणी काचेवर मुळीच ओतू नये. गार काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला तर काय होते, ते घरोघरी माहीत आहे. गाडीच्या पुढच्या काचेत दोन थर असतात आणि मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून ती फुटून अंगावर पडत नाही. पण गिट्टी लागून तिला आधीच एखादा बारीक टवका गेलेला असेल, तर गरम पाण्याने तिथून लांबलचक तडा जातो. शिवाय ओतलेले पाणी ओघळून खाली येते आणि वायपरच्या मुळाशी पुन्हा गोठते.

धावत्या गाडीतला एक धोका निराळा आहे. टाकीतले पाणी चांगले हिवाळ्याचे आहे, तरी थंडगार काचेवर फवारा उडवताच क्षणात काच पांढरी होते. असे का व्हावे? कारण मद्यार्क पाण्याच्या आधी उडून जातो. हातावर स्पिरिट लावले की गार लागते ना, तसाच तो उडता उडता काचेची उष्णताही घेऊन जातो. मागे राहते ते जास्त पाण्याचे मिश्रण, आणि ते लवकर गोठते. वाऱ्याच्या झोतात हे फार झटपट घडते. म्हणून आधी गाडीतली गरम हवा काचेवर सोडून काच आतून तापू द्यावी, मग फवारा उडवावा. ज्या ट्रकमध्ये अशी गरम हवेची सोय नाही, त्यात फवाऱ्यावर भरवसा न ठेवता वेग कमी करणे आणि रस्त्याच्या कडेला थांबून फडक्याने काच पुसणे, हाच मार्ग.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती गाडीविषयी नाही, घराविषयी आहे. हिवाळी पाण्यात पुष्कळदा जे मिथेनॉल असते, ते जहाल विष आहे. वास दारूसारखा, दिसायला पाण्यासारखे. त्याचे दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे, माणसाचे डोळे घालवू शकतात, आणि साधारण तीस मिलिलिटर जीव घेऊ शकतात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती याच मिथेनॉलने. युरोपीय संघाने तर काच धुण्याच्या पाण्यातले मिथेनॉल लोक पिऊन बसतात हे पाहून २०१८ मध्ये नियम केला आणि सामान्य ग्राहकाला विकायच्या अशा पाण्यात ते नावापुरतेच ठेवले. रेडिएटरच्या कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल हेही विषच, आणि त्याची चव गोड. कुत्री, मांजरे आणि लहान पोरे गोडाला भुलतात.

म्हणून गाडी परत आली, शिल्लक डबा घरात आला, की तो थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवू नका. मूळ डब्यातच, पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. असे पाणी घरी तयार करण्याच्या नादी लागू नका. आणि कुणाच्या पोटात ते गेल्याची नुसती शंका आली, तरी १०८ क्रमांकाला फोन करा, किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारखे मोठे रुग्णालय गाठा. बरोबर तो डबा न्या. मिथेनॉलचे विष कित्येकदा बारा ते चोवीस तासांनी आपला गुण दाखवते. "आत्ता तर ठणठणीत आहे" म्हणून थांबलात, तर तेवढ्या वेळात डोळे जातात. त्यावर उतारा आहे, पण तो डॉक्टरांच्या हातून, वेळेवर दिला तरच.

गाडीच्या काचेचे शास्त्र एकदा समजले, की तिच्या इतर भागांचेही कोडे सुटते. आपल्याकडे रेडिएटरमध्ये नुसते पाणी घालून वर्षानुवर्षे गाडी चालवणारे लोक आहेत. तीच गाडी शून्याखालच्या रात्री उभी राहिली, तर फुगणारा बर्फ इंजिनाचा ओतीव भाग चिरतो. कूलंट आणि पाणी निम्मे निम्मे घेतले तर ते सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत टिकते. गंमत अशी, की नुसते ग्लायकॉल घेतले तर ते उणे तेराच्या आसपासच गोठते. पाण्याने ग्लायकॉलची रांग मोडायची आणि ग्लायकॉलने पाण्याची, असा तो व्यवहार आहे. डिझेलचेही असेच. अति थंडीत त्यातले मेण वेगळे होऊन दाटते आणि फिल्टर बुजतो. लडाख, कारगिल, काझा, केलाँग या भागांसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल बाजारात आणले. डिझेलच्या टाकीखाली शेकोटी पेटवून ते पातळ करण्याचा प्रकार ऐकला असेल, तर तो ऐकूनच सोडून द्या.

शिक्षक मंडळींसाठी एक प्रयोग सुचवतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. एका घमेल्यात तीन भाग बर्फाचा चुरा आणि एक भाग जाडे मीठ मिसळा. आइस्क्रीमच्या लाकडी भांड्यात करतात तेच. मीठ बर्फाला वितळायला लावते, आणि वितळण्याची उष्णता तो बर्फ स्वतःमधूनच काढतो. त्यामुळे मिश्रण शून्याच्या बरेच खाली उतरते. त्याची शेवटची मर्यादा सुमारे उणे २१ अंश आहे. आता चार परीक्षानळ्या घ्या. एकीत साधे पाणी, दुसरीत शाम्पूचे पाणी, तिसरीत साखरेचे, चौथीत मिठाचे दाट पाणी. चारही त्या मिश्रणात उभ्या करा आणि कोणती आधी गोठते ते मुलांना फळ्यावर मांडायला सांगा. शाम्पूची नळी साध्या पाण्याच्या जोडीनेच गोठेल. मुलांना ते पटायला भाषणापेक्षा ती नळी पुरेल. मात्र त्या मिश्रणात बोटे बुडवून ठेवू देऊ नका, गार भाजते. आणि वर्गात स्पिरिट वापरू नका, त्यात मिथेनॉल मिसळलेले असू शकते.

ज्यांच्या घरचा कुणी या हिवाळ्यात उत्तरेला गाडी घेऊन निघणार असेल, त्यांनी निघण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे: काचेच्या टाकीतले पाणी काढून किती अंशांचे भरले? रेडिएटरमध्ये कूलंट आहे की पाणी? वायपरचे रबर फाटलेले तर नाही? केबिनमध्ये फडके, प्लॅस्टिकची पट्टी आणि हिवाळी पाण्याचा मूळ डबा ठेवला आहे ना? ही तयारी नागपूर सोडण्यापूर्वी झाली तर तिला अर्धा तास लागतो. तीच बनिहालच्या घाटात, पहाटेच्या अंधारात करायची म्हटले तर हात गारठलेले असतात, मागे गाड्यांची रांग लागलेली असते आणि समोरचा रस्ता दिसत नसतो.